ईशापूरची थ्री-नॉट-थ्री: व्हार्निशखालचं मूळ लाकूड परत कसं आणू?

पाटणकर_पिट्सबर्ग
४ ऑक्टोबर, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात इथे जुन्या शस्त्रांच्या प्रदर्शनात एक रायफल घेतली. ली-एनफिल्ड, नंबर १ मार्क ३ स्टार. म्हणजे आपण एनसीसीत खांद्यावर वाहिली ती थ्री-नॉट-थ्री. टेबलांवर इंग्लंडच्या, ऑस्ट्रेलियाच्या बऱ्याच होत्या. नुसता बघत चाललो होतो, तेवढ्यात एकीच्या बोल्टच्या दांडीखाली मुकुट, त्याखाली जी.आर.आय., मग ईशापूर आणि १९४२ असं कोरलेलं दिसलं. इंग्लंडच्या रायफलींवर नुसतं जी.आर. असतं. हा शेवटचा आय इम्पेरेटरचा, म्हणजे हिंदुस्थानचा सम्राट म्हणून. बंगालातून निघून पिट्सबर्गला पोचलेली बाई टेबलावर तशीच सोडून येववेना.

कायद्याचं आधीच सांगतो. १८९८ पर्यंत बनलेली बंदूकच इथे कायद्याने ॲन्टिक धरतात, त्यामुळे ही ॲन्टिक नाही. रीतसर कागद करून घेतली आहे.

अडचण लाकडाची. आधीच्या मालकाने दस्त्यापासून नळीच्या टोकापर्यंत पॉलियुरेथेनचं व्हार्निश फासलंय, तेही जाड हाताने. बंगल्याच्या जिन्याचा कठडा चमकतो तशी चमकते. पट्ट्याच्या कडीपाशी एक ओघळ सुकून पिवळा झालाय. डाव्या बाजूला अंगठा मावेल एवढी दबलेली जागा आहे. व्हिडिओवाले म्हणतात ८० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात करा. साताऱ्याहून अण्णा फोनवर म्हणाले, "घासून काढ आणि लाखेचं पॉलिश मार, आपल्या पाटांना केलं होतं तसं." हात धजत नाही. काय करू?


मी_माझी
४ ऑक्टोबर, रात्री १०:४०

फोटो दिसत नाहीत.


पाटणकर_पिट्सबर्ग
४ ऑक्टोबर, रात्री ११:०५

परत चढवलेत. आता बघा.


रंधा
५ ऑक्टोबर, सकाळी ९:२०

पॉलिश पेपर कपाटात ठेवा आणि किल्ली वहिनींकडे द्या.

पंचवीस वर्षं जुन्या फर्निचरचं काम करतोय पुण्यात. बंदुकीला हात लावलेला नाही, पण लाकूड ते लाकूडच. ८० नंबर मारलात की तीन गोष्टी जातात. पहिली म्हणजे ठसे. कारखान्याच्या तपासनिसांनी लाकडावर ठोकलेले मुकुट, आकडे, बाण जेमतेम अर्धा मिलिमीटर खोल असतात. दुसरी, लाकूड आणि धातू यांची पातळी. तुमच्या तिसऱ्या फोटोत दस्त्याचं लाकूड मागच्या पितळी पत्र्यापेक्षा नखभर वर आहे. ते तसंच असायला हवं. घासलंत की पत्रा वर येईल आणि लाकूड उपाशी दिसेल. तिसरी गोष्ट म्हणजे वरचा काळपट थर. ते शंभर टक्के मळ नव्हे. तेल, घाम आणि हवा लाकडात मुरून तो रंग आलेला असतो. तो डब्यात विकत मिळत नाही.

व्हार्निश रसायनाने उतरवा. बेन्झाइल अल्कोहोलवालं रिमूव्हर घ्या. जुन्या व्हिडिओत दाखवतात ते मेथिलीन क्लोराइडचं तुमच्याकडे २०१९ पासून घरगुती वापराला बंद आहे, आणि ते बरंच झालं, त्याच्या वाफेने माणसं मेलीत. जाड थर द्या, वर प्लास्टिकचा कागद झाका, फुगून आलं की प्लास्टिकच्या पट्टीने रेषांच्या दिशेने ओढा. ठशांच्या जागी जुना टूथब्रश. लोखंडी पट्टी नको. ओव्हन साफ करायचा फवारा तर अजिबात नको. त्यात कॉस्टिक असतं, लाकूड काळं पडतं आणि रेषे पिंजल्यासारखे उभे राहतात.


सुभेदार_नि
५ ऑक्टोबर, दुपारी १:४८

जय हिंद. मी फौजेच्या ईएमईत आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा, होतो. रंधा साहेबांनी लाकडाचं बरोबर सांगितलं. पण त्याआधी रायफल खोलावी लागेल, आणि नवशिक्या तिथेच फोरएण्ड, म्हणजे नळीखालचं लांब लाकूड, फोडून ठेवतो. म्हणून नीट वाचा.

पहिलं, मॅगझिन काढा, बोल्ट काढा, चेंबरमध्ये (काडतूस बसतं तिथे) बोट घालून बघा. दिसतंय म्हणून भागत नाही, बोट घालायचं.

आता मुद्द्याचं. नंबर १ चा बट, म्हणजे दस्ता, एका लांब बोल्टने बसवलेला असतो. मागच्या पत्र्याचं झाकण उघडा. आत तेलाची पितळी बाटली आणि पुलथ्रू (नळी साफ करायची दोरी) राहायचा तो कप्पा आहे, त्याच्या तळाशी चामड्याची किंवा नमद्याची चकती, तिच्याखाली बोल्टचं डोकं. लांब स्क्रूड्रायव्हर आत घालून तो फिरवावा असा मोह प्रत्येकाला होतो. फिरवायचा नाही! त्या बोल्टचं पुढचं टोक चौकोनी आहे आणि ते फोरएण्डच्या मागच्या तोंडाशी असलेल्या पत्रीत अडकवलेलं असतं, बोल्ट सैल होऊ नये म्हणून. फोरएण्ड जागेवर असताना बोल्ट फिरवला की चौकोनी टोक गोल फिरायला बघतं आणि लाकूड मागून दुभंगतं. एकच आवाज येतो, कट्ट. मी तो तीन वेळा ऐकलाय, एकदा माझ्याच हातून.

तेव्हा आधी फोरएण्ड, मग बट. वरचे हँडगार्ड काढा, त्यांचं लाकूड पापडासारखं पातळ, क्लिप दोन्ही बाजूंनी हळू उचला. मग नोजकॅप (टोकाची धातूची टोपी), कड्या, आतल्या पट्टीचा स्प्रिंगवाला स्क्रू, ट्रिगर गार्ड. फोरएण्ड सरळ खाली ओढायचा, दोन्ही टोकं सारखी. एक टोक आधी खेचलं तर मागे चीर पडणार.

स्क्रूड्रायव्हरचं पातं खाचेत घट्ट बसेल असं घासून घ्या. प्रत्येक स्क्रू वेगळ्या डबीत, वर चिठ्ठी.


गोडाघाशी
५ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:३०

वाचनखूण साठवली. बंदूक नाही, घ्यायची नाही, तरी वाचतोय.

बाळबोध प्रश्न: मूळ फिनिश म्हणजे नेमकं काय होतं? कारखान्यात पॉलिश नव्हतं का करत?


खंदक
५ ऑक्टोबर, रात्री ८:१५

पॉलिश कसलं, तेल. कच्चं जवसाचं तेल. ब्रिटिश पद्धतीत कापून तयार झालेलं लाकूड तेलात बुडवून मुरवायचे, मग पुसून फिटिंगला. पुढे पलटणीत सैनिकाने तेच तेल हाताने चोळत राहायचं. म्हणजे फिनिशचं अर्धं काम कारखान्याचं आणि अर्धं शिपायाच्या तळहाताचं. चमक अशी नसतेच, अंड्याच्या कवचाला असते तेवढी मंद झाक.

देशोदेशी वेगळं होतं. अमेरिकनांच्या स्प्रिंगफिल्डला जवसाचं तेल, मग दुसऱ्या महायुद्धात त्यांच्याच गॅरंड रायफलीला टंग नावाच्या झाडाच्या बियांचं तेल आलं. रशियन मोसिन-नागां रायफलींवर लालसर चकचकीत थर दिसतो ती लाख, युद्धानंतरच्या दुरुस्तीत फासलेली. तेव्हा पाटणकरांचे अण्णा चुकत नाहीत, त्यांची रायफल चुकतेय. मोसिन असती तर लाखच शोभली असती.

अवांतर: मार्क ३ आला १९०७ मध्ये. त्यावर मॅगझिनचा कट-ऑफ (मॅगझिन बंद ठेवायची पट्टी), लांब पल्ल्याचा नेम धरायच्या व्हॉली साइट्स अशी बरीच कलाकुसर होती. पहिल्या महायुद्धात उत्पादन उरकेना, म्हणून ती काढून टाकली. काढल्याची खूण म्हणजे तो स्टार. इंग्लंडने पुढे नंबर ४ रायफल स्वीकारली, पण ईशापूर आणि ऑस्ट्रेलियातला लिथगो हे कारखाने मार्क ३ स्टारच काढत राहिले. ईशापूरच्या फोरएण्डला मॅगझिनच्या पुढे एक आडवा स्क्रू असतो, लाकूड फाटू नये म्हणून. तुमच्या फोटोत दिसतोय. तो नंतर कुणीतरी ठोकला असं समजून बुजवू नका, काहींनी बुजवलेत.


वक्रदृष्टी
५ ऑक्टोबर, रात्री ९:५०

सगळे तेल ओतायला धावलेत म्हणून उलट बाजूने एक खडा टाकतो.

ते व्हार्निशही आता चाळीसेक वर्षांचं असेल. कुणा अमेरिकन माणसाने शिकारीच्या हौसेने गॅरेजमध्ये बसून लावलं. तोही या रायफलीचा इतिहासच ना? १९४२ चा थर खरा आणि १९८५ चा खोटा हे कुणी ठरवलं? आज तुम्ही 'मूळ' म्हणून जे कराल ते या वर्षीचंच काम असणार, फक्त जुनं दिसणारं. हलके घ्या, पण विचार करा.


रंधा
६ ऑक्टोबर, सकाळी ८:५५

वक्रदृष्टी, मुद्दा आवडला आणि पटला नाही. सागवानी झोपाळ्यावर कुणी ऑइल पेंट दिला असेल तर तो काढताना मला अपराधी वाटत नाही. फरक इतकाच, की खालचं लाकूड शाबूत ठेवून थर उतरवता येतो. घासलेलं लाकूड परत चिकटवता येत नाही. व्हार्निश काढणं हा निर्णय बदलता येतो. हवं तर परत लावा, डबा शंभर पावलांवर मिळतो.


वक्रदृष्टी
६ ऑक्टोबर, सकाळी ९:३०

मग त्या ओघळाचा एक जवळून फोटो तरी काढून ठेवा. एवढं माझ्यासाठी.


मालगुंडकर
६ ऑक्टोबर, सकाळी ११:१०

आमच्या आजोबांची ठासणीची बंदूक घरी आहे, शेतरक्षणाच्या परवान्यावरची. आजोबा गेले, दस्त्याला वाळवी लागलीय. मीही हे तेल लावू का?


खंदक
६ ऑक्टोबर, सकाळी ११:४५

मालगुंडकर, आधी तेल नाही, पोलीस ठाणं. परवाना आजोबांच्या नावे होता, ते गेल्यावर तो आपोआप तुमचा होत नाही. हत्यार जमा करा आणि वारसाहक्काने परवान्याचा अर्ज करा. जुनं आहे म्हणून शस्त्र कायदा, १९५९ मधून सुटतं असा समज आहे. सूट आहे ती दुरुस्त करूनही चालू शकणार नाही अशा हत्याराला, आणि ते आपण घरी बसून ठरवायचं नसतं. थ्री-नॉट-थ्री तर भारतात नागरिकांसाठी प्रतिबंधित बोअरच (नळीचं माप) आहे. लोकांसाठी ईशापूरने .३१५ काढली ती म्हणूनच.

वाळवीचं नंतर बघू.


हवालदार_निवृत्त
६ ऑक्टोबर, रात्री १०:०२

मी पोलीस मुख्यालयात शस्त्रागारावर नऊ वर्षं काढली. हा धागा वाचला आणि वास आला. शस्त्रागाराचं दार सकाळी उघडलं की पहिला वास जवसाच्या तेलाचा आणि मग लोखंडाचा. शंभर रायफली रॅकला साखळीत. प्रत्येकीचा बट नंबर असायचा आणि शिपाई नंबराने मागायचे, "साहेब, अठ्ठावीस द्या, तिचा बोल्ट हलका आहे."

खंडेनवमीला सगळ्या बाहेर काढायच्या, पुसायच्या, सतरंजीवर ओळीने मांडायच्या. हळदकुंकू, झेंडू, नारळ. मोठे साहेब पूजा करून गेले की आमचं काम सुरू. कारण ओली हळद लाकडात शिरली की निघत नाही. आमच्या काही रायफलींना दस्त्याच्या मानेशी कायमचं पिवळं बोट होतं. नव्या पोरांना ते नीट पुसलं नाही म्हणून ओरडा बसायचा, पण ते आमच्याही आधीचं होतं.

पाटणकर साहेब, तुमची रायफल फौजेची का पोलिसांची ते माहीत नाही. व्हार्निश काढल्यावर मानेशी पिवळं दिसलं तर घासू नका.


सुभेदार_नि
७ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

हवालदार साहेब, सलाम. फौजेतही तेच. फरक एवढाच की आमच्याकडे चिंदी मोजून मिळायची.


पाटणकर_पिट्सबर्ग
१३ ऑक्टोबर, रात्री ११:३०

सगळ्यांचे आभार. शनिवार-रविवार गॅरेजमध्ये होतो. अपडेट देतो, लांब आहे.

सुभेदार साहेबांची पोस्ट छापून भिंतीला लावली. फोरएण्ड निघायला पाऊण तास लागला. दोन्ही हातांनी खाली ओढताना तो एकदम सुटला तेव्हा काळजात धस्स झालं, पण कट्ट झालं नाही. मग बटचा बोल्ट. चामड्याची चकती दगड झालेली, चिमट्याने तुकड्या-तुकड्यांनी निघाली.

आणि फोरएण्ड उलटा केल्यावर मी तसाच बसून राहिलो. आत, नळी बसते त्या खाचेत, व्हार्निशचा थेंबही नाही! आधीच्या मालकाने रायफल न खोलताच वरून फासलं होतं. म्हणजे आतला रंग शाबूत आहे. गडद, तांबूस, गुळाच्या ढेपेच्या आतल्या भागासारखा. बटच्या पत्र्याखालीही तोच. 'मूळ' म्हणजे काय, यावर इथे एवढी चर्चा झाली आणि नमुना आतच होता. आता तुलनेसाठी फोरएण्ड उलटा करून बघायचा, एवढंच.

रिमूव्हरचे दोन हात द्यावे लागले. पहिल्या तासाभरात व्हार्निशला सुरकुत्या पडून दुधावरच्या सायीसारखा पापुद्रा आला. पट्टीने ओढला की लांब लांब निघायचा. (वक्रदृष्टी, ओघळाचे तीन फोटो काढलेत.) मग मिनरल स्पिरिटने पुसून दोन दिवस सुकू दिलं. बटच्या उजव्या बाजूला एक गोल खळगा निघाला, लाकडाच्याच चकतीने बुजवलेला, मध्ये स्क्रूचं भोक. आणि फोरएण्डच्या मागच्या टोकाला, आतून, दोन छोटी चौकोनी थिगळं, वेगळ्या लाकडाची. हे कुणी केलं असेल?


खंदक
१४ ऑक्टोबर, सकाळी ७:५०

गोल खळगा पितळी चकतीचा. त्यावर पलटणीचं संक्षिप्त नाव, रायफलीचा क्रमांक, महिना-वर्ष ठोकायचे. युद्धाच्या काळात चकत्या लावणं बंद झालं. १९४२ च्या रायफलीला चकतीचा खळगा असलेला बट म्हणजे बट तिच्याहून जुना असावा, दुरुस्तीत दुसऱ्या रायफलीचा बसवलेला. रंग जुळतो का बघा.


सुभेदार_नि
१४ ऑक्टोबर, दुपारी १:२०

थिगळं आर्मररची. हात लावू नका. गोळी सुटली की रिसीव्हर (बोल्ट बसतो तो लोखंडी भाग) मागे सरकायला बघतो, तो धक्का लाकडाच्या त्या दोनच जागा झेलतात. तिथलं लाकूड तेलाने मऊ पडतं, दबतं, मग नेम बिघडतो. आर्मरर तेवढाच चौकोन कोरून नवं लाकूड बसवतो. फोटो मोठा करून बघितला. रेषा धक्क्याच्या दिशेने घेतल्यात आणि सांध्यात नख जात नाही. ज्याने केलं त्याला काम येत होतं.

त्या जागी तेल कमी लावा.


रंधा
१४ ऑक्टोबर, रात्री ९:०५

दबलेल्या जागेला वाफ द्या. सुती कापड भिजवून पिळा, जागेवर ठेवा, वर कडक इस्त्री तीन-चार सेकंद टेकवा. चर्र आवाज येईल. उचला, बघा, परत. दबलेले रेषे पाणी पिऊन फुगतात आणि वर येतात. रेषे तुटलेले असतील तर पूर्ण येणार नाही, हट्ट धरू नका. ठशांजवळ इस्त्री नेऊ नका, ठसा म्हणजेही दाबलेलं लाकूडच, तोही फुगून जाईल.

मग तेल. कच्चं हवं असेल तर सुकायला फार दिवस धरा. आमचे रंगारी ज्याला बेलतेल म्हणतात ते डबल बॉइल्ड असतं, लवकर सुकवणारे धातूंचे क्षार घातलेलं, खाण्याचं नव्हे.


गोडाघाशी
१४ ऑक्टोबर, रात्री ९:४०

मग आमच्या सोलापूरकडे घाण्यावर मिळतं ते जवसाचं तेल चालेल की! चटणीवर घालतो ते.


रंधा
१४ ऑक्टोबर, रात्री १०:१०

चालेल, शुद्ध असेल तर ते कच्चं जवसाचं तेलच. अमेरिकेतल्या दुकानी बाटलीत मात्र टिकावं म्हणून कधी ई जीवनसत्त्व घालतात. ते घातलेलं नको, सुकणारच नाही.

जुना दंडक पाटणकरांना माहीत असेलच: आठवडाभर रोज एकदा, महिनाभर आठवड्यातून एकदा, वर्षभर महिन्यातून एकदा, मग वर्षातून एकदा. हातावर चार थेंब, तळहात गरम होईपर्यंत चोळायचं, वीस मिनिटांनी उरलेलं सगळं पुसायचं. पुसलं नाहीत तर गुळासारखं चिकट बसेल.


पिट्टू
१५ ऑक्टोबर, सकाळी ६:३०

एक फार महत्त्वाचं कुणी बोललं नाही. तेलाच्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका!! जवसाचं तेल नुसतं वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि त्यात उष्णता सुटते. चिंध्यांचा ढीग असेल तर उष्णता आत कोंडते आणि ढीग काडी न लावता पेट घेतो. पाटणकर, तुम्ही पेनसिल्व्हेनियातच आहात. २३ फेब्रुवारी १९९१ ला फिलाडेल्फियात वन मेरिडियन प्लाझा ही ३८ मजली इमारत पेटली ती अशाच चिंध्यांनी. बाविसाव्या मजल्यावर भिंतींच्या लाकडी फळ्यांना जवसाचं तेल लावायचं काम चालू होतं. अग्निशमन दलाचे तीन जवान गेले. आग थांबली ती तिसाव्या मजल्यावर, कारण तिथे पाण्याचे स्प्रिंकलर होते.

चिंधी पसरून दोरीवर बाहेर वाळवा, किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.


पाटणकर_पिट्सबर्ग
१५ ऑक्टोबर, सकाळी ७:१०

बापरे. काल रात्रीच्या तीन चिंध्या कचऱ्याच्या डब्यात आहेत. जाऊन काढतो.


पाटणकर_पिट्सबर्ग
१५ ऑक्टोबर, सकाळी ७:२५

काढल्या. मधली कोमट होती.


मी_माझी
१५ ऑक्टोबर, सकाळी ८:००

अंगावर काटा आला.


पाटणकर_पिट्सबर्ग
२ नोव्हेंबर, रात्री १०:४५

धागा वर काढतोय.

दबलेली जागा वाफेने बरीच वर आली, तळाशी एक चीर राहिली ती राहू दिली. पहिला आठवडा रोज तेल. चौथ्या दिवशी आळस केला, पुसलं नाही. सकाळी चिकट, वर गॅरेजची धूळ. स्पिरिटने उतरवून परत सुरुवात. सातव्या दिवशी बाहेरचा रंग आतल्या खाचेच्या रंगापाशी पोचला, पूर्ण नाही. बट फोरएण्डपेक्षा एक छटा गडद आहे. खंदक यांचा अंदाज बरोबर दिसतोय, ती दोन वेगळ्या रायफलींची लाकडं आहेत. रंग एकसारखा करायला स्टेन लावणार नाही.

हवालदार साहेब, मानेशी पिवळं काही निघालं नाही. पण तेल मुरल्यावर बटवर दोन आकडे उमटून आले, रिमूव्हरनंतरही दिसले नव्हते. फोटो टाकलाय. ३ आणि बहुतेक १. की ७?

बायको म्हणते गॅरेजला जवसाच्या चटणीचा वास येतो. अण्णांना फोटो पाठवला. ते म्हणाले, "चकाकत का नाही?"


हवालदार_निवृत्त
३ नोव्हेंबर, सकाळी ५:५०

फोटो बघितला. एकतीस आहे साहेब. सात असता तर वरची रेघ आडवी असती, ही तिरकी आहे.